लाल दाराखालचा पांढरा रंग

आमच्या दाजींचा कुणावरच विश्वास नव्हता. दुकानदारानं रंगाचा डबा दिला की दाजी आधी तो हातात तोलणार, मग झाकण काढून वास घेणार, काडी बुडवून थेंब कसा पडतो ते न्याहाळणार आणि शेवटी म्हणणार, "बघू." ताईशी त्यांचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मलाही असंच डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं होतं. ह्या माणसाशी आपलं जमायचं नाही, हे मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. पुढे अकरा वर्षं त्यांच्याच शेजारी उभं राहून काम करायचं नशिबी आलं.

ठोकलेल्या गाड्या दुरुस्त करायचं आमचं वर्कशॉप. पत्रा ठोकून सरळ करायचा मी, त्यावर रंग मारायचे दाजी. सगळे त्यांना 'पारखी' म्हणत, आणि ते उगाच नव्हे. नवा रंग जुन्याशी ते असा जुळवत, की गाडी कुठे ठोकली होती ते खुद्द मालकालाही बोट ठेवून दाखवता येत नसे. गाडीवर रंगाचा नंबर लिहिलेला असतो, त्यावरून दुकानदार रंग मिसळून देतो. पण दाजी म्हणायचे, "नंबर कागदावरचा. गाडी किती वर्षं उन्हात उभी आहे, ते नंबरला काय माहीत?" ट्यूबलाइटवर तर त्यांचा खास राग. तिच्या उजेडात सगळेच गोरे दिसतात, असं म्हणत ते रंगवलेली पट्टी घेऊन बाहेर उन्हात जायचे.

ह्या पट्ट्या म्हणजे तळहाताएवढे पत्र्याचे तुकडे. प्रत्येक रंगाची एक पट्टी, आणि तिच्या पाठीवर खिळ्यानं कोरलेलं: रंग कोणता, हात किती मारले, रंगाखालचा प्राइमरचा थर कोणता. बिस्किटांच्या जुन्या डब्यात अशा शे-दोनशे पट्ट्या होत्या आणि डब्याला कुलूप होतं. "दाजी, ह्या चोरायला कोण येणार आहे?" मी विचारायचो. "म्हणजे तू विचार करून ठेवला आहेस तर," ते म्हणायचे.

प्राइमरही पूर्वी तेच मारत. गुडघे कुरकुरायला लागल्यावर ते काम माझ्याकडे आलं. सुरुवातीचे चार दिवस ते मागे उभे राहिले, मग सोडून दिलं. माझा डबा त्यांनी कधी उघडून पाहिला नाही. मला वाटायचं, मेहुणा म्हणून दुर्लक्ष करत असतील.

मग ती लाल गाडी आली. बालवाडी चालवणाऱ्या एका बाईंची. फाटकाच्या खांबाला घासून पुढचं मडगार्ड आणि त्यालगतचं दार, दोन्ही चेपलेली. मी दोन्ही सरळ केली, पुट्टी भरली, घासली. एका दिवशी मडगार्डाला प्राइमर मारला, दुसऱ्या दिवशी दाराला, हाताशी होता तो. तिसऱ्या दिवशी दाजींनी एकाच डब्यातून दोन्हींवर लाल रंगाचे तीन-तीन हात मारले. पाऊस होता, बाहेर ऊन म्हणून नव्हतंच, त्यामुळे ट्यूबलाइटवरच भागवावं लागलं. दाजी दोन दिवस त्याबद्दल कुरकुरत होते.

बाई गाडी न्यायला आल्या त्या दिवशी नेमकं लख्ख ऊन पडलं होतं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मग दुसरी.

"दार वेगळं दिसतंय हो," त्या म्हणाल्या.

दिसतच होतं. मडगार्डाचा लाल गडद, अगदी बाकीच्या गाडीसारखा, आणि दार मात्र भडक, थोडं नारिंगीकडे झुकलेलं. टोमॅटो एक पिकलेला आणि एक अर्धा कच्चा शेजारी ठेवावा तसं.

दाजींनी पहिला संशय दुकानदारावर घेतला. "डबा हलवला नसेल त्यानं. रंग तळाशी बसला." मग थिनरवर. मग कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आलं असेल म्हणून तो उघडून बसले. जाता जाता मलाही विचारलं, "प्राइमर नेहमीचाच होता ना रे?"

"नेहमीचाच," मी म्हणालो. कंपनी नेहमीचीच होती. त्यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलंच नाही.

वर्कशॉपच्या मालकांचा संशय मात्र थेट दाजींवर गेला. त्यांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं. "पारखीचे डोळे गेले बघ. रंग तोच, दिवस तोच, आणि समोरचा फरक त्याला दिसला नाही. सोमवारपासून नवीन पेंटर येतोय. तुझ्या दाजींना गाड्या धुण्याच्या शेडमध्ये बसवू."

मी तिथे त्यांच्याशी कडाकडा भांडलो. तीस वर्षं रंगाची गन धरलेल्या माणसाच्या हातात पाण्याचा पाइप! पण बाहेर आलो आणि दाजी रंगाचं एक फडकं डोळ्यांजवळ धरून निरखत उभे दिसले, तेव्हा माझ्याही मनात पाल चुकचुकली. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर पाळत ठेवायला लागलो. ताईला फोन करून विचारलं, घरी काही जाणवतं का.

"परवा एका पायात काळा मोजा आणि एका पायात निळा घालून गेले," ताई म्हणाली.

"अगं, मग हे आधी सांगायचं!"

"मोजे मीच काढून ठेवले होते."

म्हटलं, झालं, आता हिचेही डोळे तपासायला हवेत.

दाजी स्वतःच जाऊन डोळे तपासून आले. डॉक्टरांनी काही दोष नाही म्हणून सांगितलं. "पाच मिनिटांत मोकळं केलं मला," दाजी म्हणाले. "पाच मिनिटांत काय कळतं त्याला?" मग दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते पट्ट्यांचा डबा उघडून बसले. पट्टी उचलायची, रंग बघून पुटपुटायचं, उलटी करून पाठीवरचं वाचायचं आणि खाली ठेवायची. मी खांबाआडून मोजलं. चाळीस पट्ट्या झाल्या, एकही चुकली नाही. तरी ते पहिल्यापासून परत सुरू झाले. जगावर संशय घेणारा माणूस आता स्वतःवर घ्यायला लागला होता. मला इतकं वाईट वाटलं की माझा जेवणाचा डबा तसाच ठेवून मी उठलो.

शनिवारी दाजींनी त्यांची गन स्वच्छ पुसून माझ्यापुढे धरली. "ठेव तुझ्याकडे. धुण्याच्या शेडमध्ये हिचं काय काम?" त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण कळलं होतं.

त्याच दुपारी मालकांनी मला ते दार घासून मोकळं करायला सांगितलं, नव्या पेंटरसाठी. मी वॉटर पेपर घेतला आणि चिडून घासायला लागलो. लाल उतरलं आणि खाली पांढरं दिसलं. कडेला मडगार्डावर पेपर लागला होता, तिथे लालाखाली राखाडी होतं.

मी थांबलो. मडगार्ड झाल्यावर राखाडी प्राइमर संपला होता. पांढऱ्या व्हॅनच्या कामातला अर्धा डबा उरला होता, तो मी दाराला मारला होता. वर लाल चढणार, खालचं कोण बघतंय, असं तेव्हा वाटलं होतं. आणि दाजींच्या पट्ट्यांच्या पाठीवर तीस वर्षं हेच तर कोरलेलं होतं: खाली काय. मी त्याची चेष्टा करत आलो होतो.

आसपास कुणी नव्हतं. अजून दहा मिनिटं घासलं असतं तर पांढरं पाण्याबरोबर नाल्यात गेलं असतं, आणि दाजींचे डोळे गेले ते गेलेच राहिले असते. खोटं कशाला बोलू, पेपरचे दोन हात मी मारलेही. मग पेपर फेकला आणि दाजींना बोलवायला पळालो.

दाजी आले, गुडघा धरून वाकले, पांढरं बघितलं, राखाडी बघितलं. त्यांनी एक कोरी पट्टी घेतली, अर्धी पांढऱ्या प्राइमरनं रंगवली, अर्धी राखाडीनं. वाळल्यावर त्याच डब्यातला लाल दोन्हींवर मारला, तीन हात. आणि पट्टी मालकांच्या हातात देऊन त्यांना उन्हात नेऊन उभं केलं. एका पट्टीवर दोन लाल होते. एक मडगार्डाचा, एक दाराचा.

"लाल रंग पातळ असतो," दाजी म्हणाले. "खालचं वर येऊ देतो. ट्यूबलाइटला कळत नाही, उन्हाला कळतं."

मालकांनी पट्टी चार वेळा फिरवून पाहिली. नव्या पेंटरला येऊ नको म्हणून तिथूनच फोन केला, आणि दाजींच्या खांद्यावर थोपटून आत गेले.

आम्ही दोघंच उरलो. मी म्हणालो, "दाजी, शिव्या घाला."

"दुकानदारावर संशय घेतला," ते हळू आवाजात म्हणाले. "थिनरवर घेतला, डॉक्टरवर घेतला. स्वतःच्या डोळ्यांवर घेतला. तुझ्यावर नाही घेतला रे. तू नेहमीचाच म्हणालास, मी सोडून दिलं." आणि त्यांनी माझ्याकडची गन परत घेतली.

सोमवारी मी त्या दाराला प्राइमर मारायला घेतला. राखाडीचा नवा डबा होता. दाजी लंगडत माझ्यापाशी आले. डबा उचलून हातात तोलला, झाकण काढलं, वास घेतला, काडी बुडवून उजेडात धरली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी मान खाली घालून उभा राहिलो.

"बघू," ते म्हणाले.