आमच्या मंडळीचा समाधी सोहळा

आमच्या खडकीच्या मंडळीत दर थंडीत संजीवन सभा होतात. मंडळी म्हणजे आमचं चर्च, आणि संजीवन सभा म्हणजे विझत चाललेला विश्वास फुंकर घालून पुन्हा पेटवायचा तीन संध्याकाळचा कार्यक्रम. बाहेरगावचा वक्ता येतो, स्पीकर लागतात, आणि शेवटी "ज्यांनी आपलं जीवन प्रभूला दिलं त्यांनी पुढे यावं" असं आवाहन होतं. दरवर्षी तीच माणसं पुढे जातात. म्हणजे मधल्या काळात ती गुपचूप मागे येऊन बसत असणार, एवढाच अर्थ मला लागतो. मी स्वतः कधी गेलो नाही. दारूगोळा कारखान्यात सगळी नोकरी तपासणी खात्यात काढली. माल चांगला आहे असं कोणी म्हटलं की मला आधी शंका येते.

यंदा शंकेला घरचंच कारण होतं. आमच्या लेकीनं रजिस्टर लग्न केलं. मुलगा तिच्याच आयटी कंपनीतला, नागपूरकडच्या बौद्ध घरातला, सालस. दोन पिढ्या मागं गेलं तर त्याचे आजोबा आणि माझे आजोबा, दोघंही गावच्या पाणवठ्यावरून हाकलले जाणाऱ्यांतलेच. पण मंडळीचा कारभार बघणाऱ्या आमच्या पंचांना पिढ्या आठवत नाहीत, लग्न ख्रिस्ती माणसाशीच हा नियम आठवतो. माझी बायको तेव्हा महिला मंडळाची चिटणीस होती. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "काही दिवस विश्रांती घ्या." पुण्यात माणसाला घालवायचं असलं की आधी त्याच्या तब्येतीची काळजी करतात.

तिनं पद सोडलं आणि रविवारची उपासनाही सोडली. मी एकटा जायचो, कारण एकानं तरी डोळे उघडे ठेवायला हवे होते. प्रत्येक प्रार्थनेत 'बहकलेल्या लेकरांसाठी' विनंती व्हायची आणि मिटलेल्या डोळ्यांतून अर्धी मंडळी माझ्याकडे बघायची. आमचा जिना मात्र कोणी चढलं नाही. बायको म्हणायची, "मला पद नको, माफीही नको. कोणीतरी घरी येऊन, माझी लेक कशी आहे एवढं विचारावं. मी पुढच्या रविवारी येते." तिचं मागणं इतकंच होतं. संध्याकाळी खिडकीशी बसून ती चर्चमधली गीतं गुणगुणायची आणि मी आत आलो की थांबायची. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्यापासून लपवलेलं एवढंच.

सभेच्या तयारीच्या बैठकीत मी विचारलं, "संजीवन नक्की कोणाचं करायचंय?" सगळे चहाकडे बघायला लागले. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले, "भाऊ, फ्लेक्सचं तेवढं तुम्ही बघा." आमच्याकडे माणसाचं तोंड बंद करायचं असलं की त्याला काम देतात.

मी आळंदी रस्त्यावरच्या एका दुकानात फोन केला आणि मजकूर तोंडी सांगितला. त्या गृहस्थाचा निम्मा धंदा आळंदीच्या कार्यक्रमांवर. त्यानं 'संजीवन' ऐकलं आणि पुढचं हाताच्या सवयीनं टाकलं. शुक्रवारी सकाळी चर्चच्या फाटकावर, क्रूसाच्या चित्राखाली, हातभर अक्षरांत लागलं: 'तीन दिवसीय संजीवन समाधी सोहळा. सर्वांनी अगत्याने उपस्थित राहावे.'

आळंदीत तो शब्द पवित्र आहे, मला त्याचा आदरच आहे. पण आमच्या फाटकावर त्याचा अर्थ एकच होत होता. जिवंतपणी मूठमाती, आणि त्याला सगळ्यांना आमंत्रण.

पंचांचा फोन आला. "अहो, हे तुम्ही मुद्दाम केलंत. घरचा राग देवाच्या दारात काढलात." मी म्हटलं, "राग काढायचा असता तर शुद्धलेखन तपासून काढला असता." त्यांना ते पटलं नाही. खरं सांगतो, मी मुद्दाम केलं नव्हतं. पण त्यांनी मोबाइलवर पाठवलेला फ्लेक्सचा फोटो पाहून बरं वाटलं, हेही खरं.

फोटो बायकोला दाखवला. तिनं चष्मा लावून वाचला, परत वाचला, आणि पदर तोंडाला लावून जी हसत सुटली ती थांबेचना. तेवढ्यात बेल वाजली. दारात अध्यक्षबाई. जिना चढून धाप लागलेली.

मी मनात म्हटलं, आली चौकशी. पंचांनी पाठवलं असणार. 'जय ख्रिस्त' म्हणून बाई आत आल्या, पण खुर्चीच्या टोकावरच बसल्या. बायकोला हसू आवरेना. तिनं फोन त्यांच्यापुढे धरला. बाईंनी फाटकावर तो फ्लेक्स पाहिलाच होता, तरी परत वाचला. ओठ घट्ट दाबले, मग खांदे हलायला लागले. दोघी हसल्या, डोळे पुसून पुन्हा हसल्या. मी पाणी आणून उभाच राहिलो.

मग बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "लेक कशी आहे?"

बायकोचं हसू उतरलं. "बरी आहे. दिवस गेलेत तिला."

"मी प्रार्थना करू का?" बाई म्हणाल्या. मला वाटलं, आता येणार ती बहकलेली लेकरं. मी डोळे मिटले नाहीत, बाईंच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी लेकीचं नाव घेतलं, लगेच जावयाचं घेतलं, मग पोटातल्या बाळासाठी मागितलं, आमेन म्हणाल्या आणि चहा न घेता उतरून गेल्या. फ्लेक्सचा जाब विचारायचा राहूनच गेला.

दार लावून मी म्हटलं, "जावयाचं नाव बाईंना कोणी सांगितलं? मंडळीत आजवर सगळे 'तो मुलगा' म्हणतात. चौकशी केलेली दिसते."

"केली असेल."

"बघ, मला वाटलंच होतं."

बायको कपाटातून रविवारची साडी काढत होती. "अहो, चौकशीतलं नाव माणूस आठवून घेतो," ती म्हणाली. "ती जराही अडखळली नाही. रोजच्या प्रार्थनेत घेत असणार."

तिनं साडी इस्त्रीला माझ्याकडे दिली.