भिंतीवरची गंगा

निजामाच्या अमलात आमच्या नेकनूरला पत्र्याचे डबे सांधणारे एक चाचा होते. काम कितीही छान होवो, उन्हात धरून बघायचे अन् म्हणायचे, "कच्चं हाय अजून, बाई."

आमच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. माहेर गोदावरीकाठचं. "एकदा गंगा दाखवा," एवढंच मागायच्या. गाडीत घालून नेलं असतं तर वाटेतच गेल्या असत्या. चाचांच्या कानावर गेलं.

"तिकडं कावून नेता? हितंच आणू की!"

मला वाटलं, म्हातारा चळला.

चार दिवसांनी एकात एक बसवलेले दोन डबे घेऊन आले, दोन्हींना नागमोडी चिरा पाडलेल्या. दार लोटून अंधार केला अन् आतल्या डब्यात चिमणी लावली. तिच्या धगीनं माथ्यावरची पत्र्याची पाती ढकलली अन् सुईच्या टोकावर तोललेला आतला डबा फिरायला लागला, अन् काय सांगू, भिंतीवर, जमिनीवर उजेडाच्या लाटाच लाटा!

सासूबाईंनी हात जोडले. निघालेल्या चाचांना म्हणाल्या, "जपून रे बाबा, शेवाळ हाय."

"जी, अम्मा."

चाचांनी विजार गुडघ्यापर्यंत वर धरली अन् एकेक पाय चाचपत त्या उजेडातून दारापर्यंत गेले. उंबऱ्यावर थांबून मागं बघितलं. कच्चं हाय, असं म्हणाले नाहीत.