वर्ष पाळताना गायलेलं गाणं

सासरे गेले आणि आमच्या पंचवटीतल्या घराने वर्ष पाळायला घेतलं. वर्षभर घरात गोडधोड नाही, सण नाही, रेडिओ नाही, गाणं तर नाहीच. सासूबाईंनी हे एकदाच सांगितलं. त्यांना दोनदा सांगायची सवय नव्हती आणि मला उलट विचारायची हिंमत नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी मुलगी दोन वर्षांची. दिवसभर आम्ही दोघी त्या मुक्या घरात. मला उगाचच रडू यायचं आणि ती माझा पदर सोडायची नाही. शेवटी शेजारणीने ओढतच नेलं. गल्लीच्या टोकाला एक निवृत्त संगीतशिक्षिका आयांना आणि लेकरांना एकत्र गाणं शिकवायच्या. बाईंचा नियम एकच, आधी आईने गायचं, मग मूल आपोआप गातं. "आवाज चिरका असला तरी चालेल, लाजायचं नाही," म्हणायच्या. आम्ही सहा-सात जणी सतरंजीवर, मांडीवर पोरं. एकीचा सूर पूर्वेला, दुसरीचा पश्चिमेला! पण खरं सांगते, तेवढा एक तास मी माणसांत असायचे. महिन्याभरात माझी पोर मांडीवरून उतरून इतर मुलांत टाळ्या वाजवत बसू लागली.

घरी सांगायचे, भाजी आणायला जाते. येताना मेथीची जुडी घ्यायची. "मेथीच का गं सारखी?" सासूबाईंनी एकदा विचारलंच. मी खाली मान घालून जुडी निवडायला बसले.

मग एका दुपारी त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि आमच्या कार्टीने डबा बडवत सुरू केलं, सा रे ग म! चांगलं खणखणीत. माझं डोकंच फिरलं. सासूबाई काही बोलायच्या आत मी तिच्या थोबाडीत दिली. जोरात.

सासूबाईंनी सूप बाजूला सारलं. "अगं, वेडी का खुळी तू? लेकराला कसलं आलंय वर्ष?" त्यांनी तिला जवळ घेतलं. "म्हण गं बाई. आजोबांनी किती कौतुक केलं असतं तुझं!" ती नुसती हुंदके देत राहिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी सगळं कबूल केलं.

पुढच्या खेपेला सासूबाईंनीच आम्हाला क्लासला धाडलं. बाईंनी पेटी धरली. मी गायले, मागोमाग सगळी मुलं गायली. माझी तेवढी ओठ घट्ट मिटून माझ्या हाताकडे बघत बसली.