खडूच्या गोलातला पोचा

आमच्या धंद्यात पोचा हासुद्धा माल असतो. तुमच्या गाडीला कोणी ठोकलं की तुम्ही हळहळता. मी मोबाइल काढतो, चारी बाजूंनी फोटो घेतो आणि प्रत्येक पोच्याभोवती खडूने गोल ओढतो. बहारीनमधल्या अपघाती गाड्या मी माझ्या रिकव्हरी ट्रकच्या सपाट पाठीवर चढवतो, समुद्रावरच्या पुलावरून सौदीत उतरतो, दिवसभर वाळू बघत हायवे कापतो आणि अमिरातीत शिरून शारजाला नेऊन ठेवतो. तिथे आफ्रिकेचे व्यापारी येतात. त्यांनी फोटो बघून होकार दिलेला असतो, त्यामुळे फोटोत जे मोडलंय ते मोडलेलंच पोहोचलं पाहिजे. एक पोचा वाटेत बुजला, तर गिऱ्हाईक लगेच विचारतं, आणखी काय काय बुजवलंत?

हे माझ्या मिस्त्रीच्या डोक्याला पक्कं माहीत होतं. त्याच्या हातांना कोणी सांगितलं नव्हतं.

मिस्त्री म्हणजे बहारीनच्या सित्रातल्या गॅरेजमधला डेंटर, पोचे काढणारा. तो दापोलीकडचा, मी म्हसळ्याचा. पंचवीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्या ठोकून सरळ केल्या. गेल्या उन्हाळ्यात त्याने पहिल्यांदा स्वतःची एक गाडी घेतली. पांढरी जीप, बॉनेट दुमडलेलं, इंजिन शाबूत. एकदा तरी व्यापारी म्हणून उभं राहायचं, एवढीच त्याची हौस. ही विकली गेली तर दुसरी घेईन, परत आली तर हातोडी बरी आणि मी बरा, असं त्याने जाहीर करून टाकलं होतं. टांझानियाच्या एका बाईंनी फोटो पसंत केले होते, पण शारजाला त्या स्वतः येऊन बघणार होत्या. म्हणून सेकंड ड्रायव्हर म्हणून तोही माझ्याबरोबर निघाला. बाईंसमोर घालायचा इस्त्रीचा शर्ट त्याने कॅबिनमध्ये हँगरला टांगला होता आणि प्रत्येक वळणावर त्याची बाही माझ्या कानाला गुदगुल्या करत होती.

बहारीनमधल्या घरून, उम्म अल हस्समहून निघताना माझ्या बायकोने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून दिली होती. पुलावरच्या कस्टमच्या साहेबाने त्या दिवशी आमचे कागद फार झटपट परत केले. त्याचं श्रेय मी चटणीच्या वासाला देतो.

सौदीत शिरल्यापासून मिस्त्री आरशातून मागे बघत होता. मला वाटलं, मालकीचं सुख आहे, बघू दे. तो बघत होता मागच्या दारावरचा पोचा. परातीएवढा, उथळ, खडूच्या गोलात ऐटीत बसलेला.

दुपारी एका पेट्रोल पंपावर थांबलो. जेवून मी मशिदीच्या सावलीत आडवा झालो. डोळा लागतोय न लागतोय तोच 'पॉक' असा आवाज आला. पत्र्याचा डबा दाबून सोडल्यासारखा. उठून बघतो तर मिस्त्री रिकव्हरीवर चढलेला, जीपच्या दारात वाकलेला, आणि चेहरा नुकतीच बाळंतीण सोडवलेल्या सुइणीसारखा.

"उन्हाने पत्रा तापला होता," तो म्हणाला. "आतून नुसता तळवा लावला. आपसूक आला बाहेर."

खडूचा गोल जागेवर होता. आत काही नव्हतं.

मी त्या गोलाकडे बोट दाखवलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. बाईंच्या मोबाइलमध्ये पोचा होता, आमच्या दारावर नव्हता. मी म्हटलं, काढलास तसा परत घाल. त्याने रबरी हातोडा उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"माझ्या हातून नाय व्हायचं ते," तो म्हणाला. "तू कर."

आता माझ्या हातच्या हातोड्याने रंग उडाला असता. मी विचार केला, रुंद, जड आणि मऊ असं आपल्याजवळ काय आहे? खुदाने मला एक गोष्ट सढळ हाताने दिली आहे. मी रिकव्हरीवर चढलो, दाराकडे पाठ केली, बिस्मिल्ला म्हटलं आणि दारावरच बसलो. काही झालं नाही. पलीकडे चहा पिणारे तीन पठाण ड्रायव्हर ग्लास खाली ठेवून उभे राहिले. दुसऱ्यांदा बसलो, पत्रा नुसता कुरकुरला. तिसऱ्यांदा उडी मारून बसलो आणि दार आत गेलं. पठाणांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून सलाम केला. अशी दाद रोज कुठे मिळते?

तेवढ्यात मिस्त्रीने माझ्या कामगिरीची तपासणी केली. "आधीचा एक होता," तो म्हणाला. "हे दोन आहेत."

मी म्हटलं, शेजारी शेजारी आहेत, लांबून एकच दिसतात.

दुसऱ्या दिवशी शारजाच्या यार्डात बाई आल्या. अंगाभोवती गुंडाळलेलं रंगीत खंग्याचं कापड, नाकावर चष्मा, एका हातात मोबाइल. सगळी गाडी त्यांनी शांतपणे बघितली. मागच्या दाराशी येऊन मोबाइल पोच्याशेजारी धरला. मग चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं आणि शारजाच्या बाजारात शिकलेल्या हिंदीत म्हणाल्या,

"ये वो नहीं है."

मी एका उंटाची गोष्ट रात्रभर घोळवून तयार ठेवली होती. उंट रस्त्यात कसा आला, कसा वळला, सगळं. तोंड उघडणार तोच इस्त्रीचा शर्ट पुढे सरकला.

"मॅडम, वो मैंने निकाला," मिस्त्री म्हणाला. "रहा नहीं गया. ये वाला इसने डाला."

कसा डाला, असं बाईंनी विचारलं. मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. यार्डातले बाकीचे व्यापारीही जमले होते. नाइलाजाने म्हणा किंवा आवडीने म्हणा, मी गोल फिरून दाराला पाठ लावली. माप तंतोतंत जुळलं.

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पण धंद्याची बाई. हसू आवरलं आणि म्हणाल्या, तू आणखी काय काढलंस ते मला कसं कळणार? पलीकडे त्यांनी घेतलेली एक निळी गाडी उभी होती, चाकावरच्या पत्र्यावर तसाच उथळ पोचा. त्यांनी मिस्त्रीला तिकडे बोट दाखवलं. माझ्यादेखत काढ.

मिस्त्रीने शर्ट काढला, घडी करून माझ्या हातात दिला आणि बनियनवर गाडीखाली शिरला. बराच वेळ नुसते खरडल्याचे आवाज. माझ्या हातातल्या शर्टाची इस्त्री मोडली, इतका मी तो पिळला. ऊन चढत होतं. मग 'पॉक'.

बाईंनी त्या जागेवर बोट फिरवलं. रंगाला चीरही नव्हती. मग पर्समधून लोहचुंबक काढला आणि मिस्त्रीच्या जीपवर इंच इंच फिरवला, कुठे रंगाखाली पुट्टी भरली आहे का ते बघायला. चुंबक सगळीकडे पत्र्याला चिकटला. त्यांनी मान डोलावली आणि गाडीची चावी मागितली.

मिस्त्रीने चावी दिली. मग घसा साफ करून विचारलं, ते दार आता सरळ करून देऊ का?

"नहीं. ये रहने दो," बाई म्हणाल्या, आणि त्या जोडपोच्याचा नवीन फोटो काढला. घरी दाखवायला असणार. जीप त्याच अवस्थेत कंटेनरमध्ये चढली. कुठल्या कुठल्या बंदरात माझी पाठ आता ओळखीची झाली असेल.

परतताना मिस्त्री आरशात बघत नव्हता. चुरगळलेला शर्ट घालूनच बसला होता आणि पुढची गाडी मागून ठोकलेली घ्यावी की बाजूने, यावर मला सल्ला विचारत होता. मी म्हटलं, अशी घे जिच्यात तुझा हात शिरणार नाही.

पुलावर तोच साहेब होता. रिकव्हरीची रिकामी पाठ बघून त्याने मला विचारलं, यावर काय नेलं होतं? मी उत्तर देण्याआधीच मिस्त्री माझ्या पोटावरून आडवा होऊन खिडकीबाहेर आला.

"खलास, साहेब. बिक गई," तो म्हणाला. "मेरी थी."