नाडी वाढेना!

पट्ट्यावर चालायला लागलं की माणूस बोलायलाही लागतो. शिरूरला आमच्या डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात स्ट्रेस टेस्टच्या मशीनपाशी मी वर्षानुवर्षं उभी राहिले, मग किस्से साचणारच की! साहेब आता मुलीकडं राहायला गेले, दवाखाना बंद झाला. मी दौंडला लागले. इथलं मशीन नवं, चकाचक. पण पेशंट गपगुमान चालतात. मग ते जुने आठवतात.

ज्यांना गोळी थांबवून चालण्यासारखं असेल त्यांना साहेब बजावायचे, "नाडी हळू ठेवायची गोळी टेस्टच्या आधी दोन दिवस बंद!" ती रक्तात असेपर्यंत कितीही चाला, नाडी हवी तेवढी वाढत नाही. आणि त्याशिवाय हृदयाचं दुखणं नीट कळत नाही.

मांडवगण फराट्याचे एक आबा आले होते. दम लागला, घाम फुटला, पण स्क्रीनवरचा आकडा हलेना. साहेब म्हणाले, "आबा, गोळी घेतलीत." आबा चिडले, "माळकरी मानूस हाय मी! खोटं बोलीन व्हय?"

आबांबरोबर आलेल्या आजी दारातून म्हणाल्या, "त्यांनी न्हाई घेतली. मीच कालवनात कुस्करून घातली! डॉक्टर गोळी बंद म्हनला, मला वाटलं आशाच सोडली."

साहेबांनी आजींना बसवलं, चहा मागवला आणि पुढची तारीख दिली.

रांजणगावच्या कंपनीतल्या एकाला फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. त्याचीही नाडी चढेना. शेवटी कबूल झाला, "वडलांची गोळी घेतली, सर. नाडी शांत दिसली की पास करत्यात वाटलं."

साहेब म्हणाले, "अरे, मग परीक्षेला तू वडलांनाच बसवलंस की!"

एका मामांनी तर साहेबांनाच कोड्यात टाकलं. उभी हयात मेंढरांमागं गेलेली, गोळी कसली ती माहीतच नाही. साहेबांनी स्पीड वाढवला, चढ वाढवला, मामा आपले निवांत.

"दमलात का, मामा?"

"न्हाई. पन जायाचंय कुठं?"

आणि कोरेगाव भीमाच्या हिराबाई. नवरा-बायको झेंडू करायचे. हिराबाईंच्या छातीत कळा येत होत्या, म्हणून दोघं घाबरून आलेले. मी नाव विचारलं, तर आप्पा बायकोला म्हणाले, "अगं ए, सांग की तुजं नाव!" स्वतः काही बायकोचं नाव घेतलं नाही.

हिराबाईंनी सवयीनं सकाळी अर्धी गोळी घेतलीच होती. साहेब म्हणाले, "चालून तर बघू." आकडा थोडा चढला आणि अडकला. साहेबांनी चढ वाढवला. पट्टा पुढून उचलला गेला, तसे बायकोच्या चपला हातात धरून कोपऱ्यात उभे असलेले आप्पा एकदम ओरडले,

"हिराऽ! जपून!"

आकडा टुणकन वर गेला. साहेबांनी घाईनं पट्टा हळू केला. "हिराबाई, छातीत काय होतंय का?"

हिराबाई तोंड फिरवून हसल्या.

"काय न्हाई. त्यांना आजून येकदा हाक मारायला सांगा."