सुनेचा पाय

मी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली. पाठीत उसण भरली की लोक अशा माणसाचा पाय लावून घेतात. त्यामुळे लग्न होऊन पारनेरकडच्या त्या गावात गेले, तशी दारात कुणी ना कुणी पाठ करून बसलेलं असायचं.

बाहत्तरच्या दुष्काळात हंडा उचलताना खुद्द सासूबाईंच्याच पाठीत कट्‌कन वाजलं. शेजारणी म्हणाल्या, घरातच पायाळू सून हाय की!

"सुनंच्या लाथा खाऊ व्हय आता?" सासूबाई पडल्या पडल्या गरजल्या.

नगरच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाडं ठिसूळ झालीत, मणका दबलाय. फळीवर झोपवा, उठताना पट्टा बांधा, पाठ चोळू-तुडवू नका. सासऱ्यांनी माजघराचं दार बिजागऱ्यांवरून उतरवून खाली टाकलं. पट्टा मी आवळायचे आणि शिव्याही मीच खायचे.

एका दुपारी कळ सोसवेना, तेव्हा त्या म्हणाल्या, "दार लोट."

"दारावर तर तुम्हीच झोपलाय, आत्याबाई."

"मग बाहेर बघ, कुनी न्हाई ना? लाव तुजा पाय."

डॉक्टरांचं आठवून मी नाही म्हणाले. त्यांनी डोळे वटारले आणि कण्हत कुशीवर वळल्या. शेवटी मी जराही भार न देता अंगठा नुसता टेकवला.

"उतरलं बघ," त्या म्हणाल्या. साफ खोटं होतं ते.

वडीलधाऱ्या माणसाला पाय लागला म्हणून मी पाया पडायला वाकले, तर त्यांनीच माझ्या पावलाला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि दरडावलं, "कुनाला सांगशील तर याद राख!"