तळमजल्यावरची मोकळी जागा

मी नांदेडात इमारतींचे नकाशे काढते, आणि त्या चौदा मजली इमारतीच्या तळमजल्याचा मला अगदी वीट आला होता. आमच्या गावाच्या मानानं ती गगनचुंबीच. वरचे मजले बिनतक्रार उभे होते, अर्थात कागदावर. भांडण सगळं पायथ्याशी. बिल्डरला दर्शनी काच हवी, जागामालकाच्या मुलाला रस्त्यालगत सलग गाळे हवेत, आणि खुद्द मालकाला तिथे काहीच नको. मोकळी जागा हवी, बस्स.

मालक म्हणजे सत्तरी ओलांडलेला शेतकरी. त्याचं रान शहरानं गिळलं, तिथेच ही इमारत होणार होती आणि नवव्या मजल्यावर तो राहायला जाणार होता. दर बैठकीला यायचा, चहा बशीत ओतून प्यायचा आणि म्हणायचा, "खाली जरा जागा सोडा. चार मानसं बसतील येवढी."

"गेटपाशी बाकडं टाकू की," बिल्डर म्हणायचा.

"बाबा, आता दारात मंडप कोण घालून राहिलंय?" मुलगा वैतागायचा. "लग्नं कार्यालयात होतात."

मग मी जागा बुजवून गाळे काढायचे. पुढच्या बैठकीत म्हातारा पुन्हा तेच म्हणायचा. माझ्या डोक्याचा भुगा झाला होता. मनातल्या मनात मी तिघांनाही शिव्या घालायचे, म्हाताऱ्याला जरा जास्तच. कारण तो कारणच सांगत नव्हता.

शेवटी मीच चिडून विचारलं, "काका, जागा कशाला पाहिजे ते एकदा सांगा तरी!"

त्यानं मुलाकडे बघितलं नाही. "लग्नाचं न्हाई बोलून राहिलो मी. उद्या मी गेलो, तर मला खाली कुठं ठेवनार? शटरम्होरं? गावाकडून लई मानसं येतील, बाया येतील. त्या काय लिफ्टीतून लायनीनं वर येनार हायेत?"

"असं अभद्र नका बोलू, बाबा," मुलगा म्हणाला.

कॉलेजात आम्हाला पार्किंग शिकवलं, पाणी शिकवलं, आग लागली तर माणसं कुठून पळतील तेही शिकवलं. इतक्या घरांत कुणीतरी मरणारही आहे, हे कुणी शिकवलं नाही. मला रडू आलं, आणि मी इतकी दमले होते की ते लपवायचंही सुचलं नाही.

मुलानं नकाशा स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "मधले दोन गाळे काढून टाका, मॅडम."

मी पेन्सिलीचे ते दोन चौकोन खोडले. म्हातारा खुर्ची ओढून जवळ आला, चष्मा पुसला, कोऱ्या जागेवर वाकला आणि आपला पंजा तिथे आडवा ठेवून बघितला. मावत होता.

"बाई," त्यानं विचारलं, "ह्यात दक्षिण कंच्या अंगाला हाय?"

मी दाखवली. त्यानं पंजा फिरवून बोटं तिकडे केली.